हिरव्या चादरी

भूकंपाने आमचं काही पाडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. रडकथा वाचायला बसला असाल तर उठा. लॉन्ड्रीच्या भिंतीला एक तडा गेला, इस्त्रीचं टेबल सरकून दाराला टेकलं, आणि मागच्या झऱ्याचं पाणी सकाळी दुप्पट झालेलं दिसलं. वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद आणि लॉन्ड्रीची खरी मालकीण, हौदाच्या काठावर उभ्या राहून हसत होत्या. त्यांना हसताना पाहिलं की मला धडकी भरते. त्याच आठवड्यात त्यांनी दोन मोठ्या मशीनची चौकशी सुरू केली.

माझं माहेर त्याच डोंगरावर, वरच्या वस्तीत. तिथला झरा त्याच सकाळी आटला. घरं शाबूत, नळ कोरडे. पाणी कचेरीतले साहेब वर गेले, कोरड्या झऱ्यात डोकावले आणि सांगून आले, झरा मेला. थंडी पडेपर्यंत टँकर येईल, मग वस्ती रिकामी करा. बाबा म्हणाले, "डॉक्टरसुद्धा आधी नाडी बघतो." साहेब तोवर गाडीत बसले होते.

बाबा खाली यायला तयार नव्हते. मी विनवलं, भांडले, बोलणंही बंद करून पाहिलं. "तुझ्या नणंदेच्या राज्यात मी वाफेवर शिजून जाईन," एवढंच त्यांचं उत्तर. तिथे त्यांची झाडं होती, आईने लावलेली, आणि ती सोडून ते कुठे जाणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. टँकर बंद झाल्यावरही ते तिथेच बसून राहिले असते. माझी झोप उडवायला तेवढं पुरेसं होतं.

शिकलेल्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो याचीच त्यांना जास्त काळजी. डोंगराचा अभ्यास करणारी एक बाई गेली दोन वर्षं आमच्याकडे येत होती. तिने वर कड्यावर लोखंडी खांब रोवले होते, डोंगर किती सरकतो ते उपग्रहावरून मोजायला. आमच्या झऱ्याच्या तोंडाशीही तिची एक नळी होती, पाणी किती आणि किती गार ते नोंदवणारी. घरात शिरली की माणसांआधी भिंतीच बघायची, म्हणून वन्संनी तिचं नाव भेगबाई ठेवलं. तिने ते हसून घेतलं. तेवढ्यापुरती मला ती बरी वाटली.

भूकंपानंतर ती आली तेव्हा मी तिला धरलंच. वरचं पाणी गेलं कुठे? तिने भिंतीवरच्या तड्यावर बोट ठेवून समजावलं. डोंगर एका अंगाने बोटभर खचला, आतल्या बुजलेल्या भेगा उघडल्या, वर साठलेलं पाणी कदाचित त्यांतून खाली आमच्याकडे येत असेल. कदाचित म्हटल्याने माझ्या बापाचा हंडा भरत नाही, मी म्हणाले. रागावली नाही. म्हणाली, मग बघू या.

बघायची रीत साधी होती. वरच्या कोरड्या झऱ्याच्या तोंडात टँकरचं पाणी सोडायचं आणि त्यात एक हिरवा रंग, अपाय न करणारा. इथे निघाला तर पाणी तेच. मात्र यायला महिने लागतील, आणि इतका फिका येईल की यंत्रालाच दिसेल, असं तिने आम्हा दोघींना बजावून सांगितलं. वन्संनी हात झटकला. "ओता. माझ्या साबणापुढे कुठला रंग टिकलाय?"

आठवडासुद्धा लागला नाही. हॉटेलच्या चादरी हौदात होत्या, आणि मी एक ओढून काढली ती कोवळ्या गवतासारखी हिरवी. दुसरी हिरवी. तिसरी हिरवी. वन्संनी एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात मला फोन लावायला सांगितलं. त्या हळू बोलल्या की समजावं, आज कुणाचं तरी खरं नाही.

भेगबाई धापा टाकत आली. आता ही बाई लांबलचक काहीतरी सांगेल, आणि आम्हीच काहीतरी चुकीचं केलं असं निघेल, अशी माझी खात्री होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "रंग जास्त झाला, आणि भेगा इतक्या मोकळ्या असतील असं मला वाटलं नव्हतं."

बस्स. एवढंच. मग उन्हाने हा रंग जातो म्हणाली, बाह्या सरसावल्या आणि आमच्याबरोबर चादरी पिळायला लागली. पिळता येत नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत पिळत होती. हाताला फोड आले. मी उभ्या आयुष्यात कुठल्याही शिकलेल्या माणसाचे मनापासून आभार मानले असतील तर त्या दिवशी, तेही तोंडाने नाही.

वन्संनी एक चादर मात्र वाळत घालू दिली नाही. ती हातात धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या हौदात हिच्या बाबांचं पाणी आहे?"

"सगळं नाही. पण जे वाढलंय त्यातलं बरंचसं, हो."

झरा वन्संच्या जागेत, हक्क त्यांचा. पाणी वर द्यायला त्या नाही म्हणाल्या असत्या तर कचेरीला हात वर करायला निमित्तच मिळालं असतं. आणि मशीनचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण त्या तोंडावरून कधी काही कळलंय?

सकाळी त्यांनी चादर पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, चल. भेगबाईही आली. कचेरीत वन्संनी साहेबांच्या फायलींवर चादर पसरली. साहेबांनी हळूच कोपरा उचलून आपला चहा वाचवला. भेगबाईने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी नियम काढला: पाणी ज्याच्या जागेत निघेल त्याचं.

"जागा माझी," वन्सं म्हणाल्या. "मला नवीन मशीन नकोत, वर जाणारा पाइप पाहिजे. पंप तुमचा, वीज तुमची, पाणी माझं. माझं म्हणजे... माझं नाही, तेच तर सांगतेय."

साहेबांनी भेगबाईला विचारलं, हे असंच राहील का. सांगता येत नाही, ती म्हणाली. भेगा पुन्हा बुजतील, वरचा झरा परत येईल, आमचा कमी होईल, काहीही होऊ शकतं, ती मोजत राहील. मग पाइपचा खर्च कशाला, असं साहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. वन्संनी खुर्ची ओढून घेतली आणि आरामात बसल्या, दिवसभर बसणाऱ्या माणसासारख्या. साहेबांनी सही केली.

थंडीच्या तोंडावर पाइप वर पोचला. बाबांचा फोन आला. पाणी आलं, गार आहे, चव तीच. मग म्हणाले, नणंदेला दे.

मी स्पीकर लावला. बाबा म्हणाले, "तुमच्या राज्यातून आलंय, जपून पितो."

"प्या बिनघोर," वन्सं म्हणाल्या. "साबण अजून घातलेला नाही."

फोन ठेवल्यावर मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी मला इस्त्रीच्या ढिगाकडे ढकललं. मी डोंगराचे आभार मानणार नाही, तो आपल्या कामाने हलला. या दोन बायकांचे मानते, आणि लिहूनच मानते, कारण तोंडावर मानले तर एक भिंतीकडे बघेल आणि दुसरी ढीग दाखवेल.

हॉटेलला आम्ही नवी चादर दिली. ती हिरवी वन्संच्या कपाटात तळाशी आहे, उन्हापासून लांब. कपाट उघडायचं म्हटलं की आधी खोलीचं दार ओढून घे म्हणतात.