टिबुकली

१९७५ साली नागपंचमीसाठी रजेवर आलेल्या नाथाजी फौजीला शिराळ्याजवळच्या आपल्या घरी पाऊल टाकताच घोर लागला. मागच्या रजेत त्याची लेक बनू "गाडी आली", "आईनं भाकरी केली" असं चोख बोलायची. आता तिसरं वर्ष सरत आलं, तर म्हणत होती, "गाडी येली. आईनं भाकरी करली."

"आये, पोरगी उलटी चालली की गं!"

"दिष्ट लागली आसंल," त्याची आई साळूबाई म्हणाली.

"उद्याच कराडच्या डॉक्टरला दाखवतो."

चुलीपुढं भाकरी थापणारी विजयमाला, बनूची आई, हे ऐकत होती. तिला वेगळंच कोडं पडलं होतं. 'करली' तर घरात, गल्लीत कुणीच म्हणत नाही. मग पोरीनं ऐकलं कुठं?

अंगणात बनू मांजराशी बोलत होती, "मनी बसली. मनी उठली. मनी येली."

विजयमालाचा हात परातीतच थांबला. बस, बसली. उठ, उठली. मग ये, येली! कर, करली! पोरगी काही विसरली नव्हती. बोलण्यातली खुबी तिला गावली होती, आणि ती दिसेल तिथं लावत सुटली होती!

पण खरं कशावरून? विजयमालानं पिठाची बाहुली केली आणि अंगणात धावली. बाहुलीला गचके देत तिनं मनाचाच एक शब्द जुळवला.

"बनू, बघ, ही बाहुली टिबुकती. आता थांबली. सांग, मगाशी बाहुलीनं काय केलं?"

"टिबुकली!"

विजयमालानं घाईघाईनं पिठाचाच बैल वळला, नाचवला.

"आन् बैल?"

"टिबुकला!"

"आवं, इकडं या!" ती ओरडली. "आत्ती, तुमीबी या! ह्यो शब्द आत्ता म्या जुळवला. जगात कुणी म्हटला न्हाई, आन् ही बघा कशी चालवती!"

नाथाजीला पटेना. त्यानं कोपऱ्यातलं कुत्रं दाखवलं. "ह्ये कुत्रं झुंबाडतंय. काल काय केलं त्येनं?"

"कुत्रं झुंबाडलं!"

फौजी मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. साळूबाई त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"नाथा, तूबी 'शेळी मरली' म्हणायचास रं. आपसूक सुधारलास."

कराडचा बेत तिथंच बारगळला. बनूनं बापाचा गुडघा हलवला, "आजून सांग!"