उस्तादांच्या गळ्यातला गेज

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर गेज आहे. तळहातावर मावेल एवढी गोल चकती, वर काच, आत लाल काटा आणि खाली हातभर नळी, एवढाच माझा संसार. पेट्रोलच्या नळीला मला जोडलं की आत किती दाब आहे ते मी सांगतो. दुसरं काही मला येत नाही. पण जे येतं ते मी चोख करतो, याचा मला थोडा ताठा आहे.

कारखान्यात एका बाईंनी माझा काटा शून्यावर आणायला मला चार वेळा उघडलं होतं. चौथ्यांदा त्या "आता बरोबर" असं पुटपुटल्या आणि त्यांनी मला खोक्यात ठेवलं. ते दोन शब्द मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मी एका मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये आलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी मला पहिल्यांदा गाडीला जोडलं तेव्हा मी थक्कच झालो. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि तेवढ्यात पेट्रोल थेट इंजिनापर्यंत येऊन उभं राहतं! चावी बंद केली तरी ते मागे फिरत नाही. रात्रभर दारातच थांबून राहतं, म्हणून सकाळी गाडी एका चावीत सुरू होते. हे मी हजारदा पाहिलं, पण माझं नवल काही सरत नाही.

काम झालं की उस्ताद माझी काच पुसायचे. हळूहळू ते राहून जायला लागलं. माझ्यावर ग्रीसचे थर चढले, काटा धूसर दिसू लागला. उस्तादांची मुलगी त्यांच्याबरोबरच काम करायची. ती रोज म्हणायची, "बाबा, चष्मा आणलाय तो लावा ना." उस्ताद म्हणायचे, "माझ्या हातांना दिसतं." चष्मा खणातच पडून राहिला. वाईट वाटायचं मला, पण सांगणार कोणाला?

एके दिवशी घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई आल्या. आठवड्यापूर्वीच उस्तादांनी त्यांच्या व्हॅनला नवा पंप बसवला होता.

"काका, पंप बदलल्यापासून गाडी सकाळी सुरूच होत नाही," त्या म्हणाल्या. "दहा-बारा वेळा स्टार्टर मारावा लागतो. आज मी पोचले तर बाळ आधीच झालेलं. त्याच्या आजीने कसंबसं निभावलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण पुढच्या वेळी काय? खरं सांगा, या गाडीच्या भरवशावर राहू की नको?"

उस्तादांचा चेहरा उतरला. मुलीने मला इंजिनाजवळ जोडलं आणि चावी फिरवली. काटा टुणकन वर गेला. चावी बंद करताच तो घसरू लागला आणि पाहता पाहता शून्यावर आला. मग तिने पुन्हा चावी फिरवून काटा वर चढवला आणि चावी बंद करताच टाकीजवळची रबरी नळी चिमट्याने दाबून धरली. आता काटा जागचा हलेना.

"म्हणजे इंजिनाकडे गळती नाही," ती म्हणाली. "पेट्रोल मागे टाकीतच परत जातंय. नव्या पंपातला पेट्रोल अडवून धरणारा व्हॉल्व्ह खराब असणार. दुकानदाराला फोन करते, तो बदलून देईल." ती फोन करायला आत गेली. मला हायसं वाटलं. उस्तादांवर काहीच येणार नव्हतं.

पण उस्ताद म्हणाले, "आधी उघडून बघतो." मला सोडवून त्यांनी माझी नळी गळ्यात अडकवली. नर्सबाई आपल्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपला हात लावून हसल्या. "काका, अगदी माझ्यासारखे दिसताय!" असं म्हणून त्या दाराशी जाऊन बसल्या.

उस्तादांनी मागची सीट काढून तिच्याखालच्या टाकीतला पंप वर घेतला. पंप आणि नळी जुळतात तिथे पेट्रोल गळू नये म्हणून एक रबरी रिंग असते. तिच्यावरून त्यांचा अंगठा फिरला आणि थबकला. ते उठले, खणातून चष्मा काढला, लावला. रिंग चपटी झालेली, एका कडेला चिरलेली. ती जुनी रिंग होती. नवी रिंग पंपाच्या खोक्यात कागदाच्या घडीत तशीच होती.

मित्रांनो, त्या क्षणी तिथे फक्त मी होतो. नर्सबाईंची पाठ होती, मुलगी फोनवर होती. रिंग गुपचूप बदलायला किती वेळ लागतो? आणि मी काही बोलू शकत नाही.

"फोन ठेव गं!" उस्तादांनी मोठ्याने हाक मारली. "पंप चांगला आहे. चूक माझी आहे."

दोन्ही रिंगा तळहातावर घेऊन ते नर्सबाईंसमोर उभे राहिले. "नवी घालायची सोडून मी जुनीच बसवली. डोळे साथ देत नाहीत आणि मी कबूल करत नव्हतो."

माझ्या काट्याला खोटं बोलताच येत नाही, त्यात माझं कौतुक ते काय? ज्याला खोटं बोलता येतं, तो खोटं बोलला नाही. एवढं मोठं काही मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नर्सबाईंनी दोन्ही रिंगा हातात घेऊन पाहिल्या. मग म्हणाल्या, "नवी बसवा. मी थांबते."

रिंग बसवून मला पुन्हा जोडलं. चावी फिरवून काटा वर चढवला, चावी बंद केली आणि दोन तास व्हॅन उभी ठेवली. काटा जिथे होता तिथेच होता. नर्सबाईंनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. "आता राहते भरवशावर," त्या म्हणाल्या. "गाडीच्याही आणि तुमच्याही. पण काका, चष्मा काढायचा नाही!"

त्या गेल्यावर उस्तादांनी मला डोळ्यांसमोर धरलं. "अरे, केवढी घाण झालीये तुझी काच! मला कोणी सांगितलं का नाही?"

"चष्मा लावा म्हणून रोज सांगत होते, बाबा," मुलगी म्हणाली.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंची काच पुसत जा. आणि काटा खाली आला तर त्याच्यावर रागावू नका, आधी आपले हात पाहा. माझं आता छान चाललंय. रोज सकाळी उस्ताद मऊ फडकं घेऊन बसतात. आधी चष्मा पुसतात, मग मला.