आत्ता दुखतंय?

कामगार विम्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर जोडे काढायचे, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण दाराशी चपलांची रांग असायची, आणि त्या रांगेवर आया कांताबाईची नजर. पहिल्या खेपेला शामलानेही मुकाट्याने बूट काढले आणि गार फरशीवर अनवाणी आत गेली.

तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं. अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागला होता. कळमेश्वरच्या रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. टेबलावर आम्लं असत, म्हणून बंद बूट सक्तीचे, आणि काम सगळं उभ्याने. शस्त्रक्रियेने हाड सरळ होण्यासारखं होतं, पण ती विम्यातून व्हायची तर मोठ्या डॉक्टरांची मंजुरी हवी. नाही मिळाली तर नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरी सोडली तर शामलाजवळ सीताबर्डीच्या मागची एक खोली तेवढी उरत होती.

डॉक्टरांनी अंगठा इकडेतिकडे हलवून पाहिला. "आत्ता दुखतंय?"

"आत्ता नाही," शामला म्हणाली. ते खरंच होतं.

मग बूट बदला, म्हणाले. बुटासाठी हाड कापायचं तर उद्या टोपीसाठी डोकं कापावं लागेल, असंही म्हणाले. कारकून हसला. मंजुरी नाही.

बसमध्ये बसल्यावर शामलाला आपली चूक दिसली. बर्नर विझवून मग पाणी उकळतंय का असं कोणी विचारलं असतं, तर तिने त्याला प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठवलं असतं. इथे तर दाराशी बूट काढून बर्नर तिनेच विझवला होता. आणि विचारलं तेवढंच सांगून गप्प बसली होती. ती तिची जुनीच खोड.

दुसऱ्यांदा तपासणी मागून ती गेली ती कारखान्यातून सुटल्यावर, दिवसभराचे बूट तसेच पायात ठेवून.

"जोडे काढा वं बाई," कांताबाई म्हणाली. "आतमंधी साहेब हायेत."

"आज नाही काढत."

"काहून?"

"दुखणं बुटातच आहे."

कांताबाईने तिच्या पायांकडे पाहिलं, मग तोंड फिरवून चपलांची रांग सारखी करायला घेतली. "मंग जा. म्या काही पाह्यलं नाही."

डॉक्टरांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते काही बोलण्याआधीच ती बोलली. मी चालून दाखवते, तेवढं बघा, म्हणाली. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती चालली आणि परत आली. पाय कुठे वाकडा पडतो, ते लपवायची तिला सवय होती. आज लपवलं नाही. मग खुर्चीवर बसून तिने बूट काढला. मोजा हाडाशी चिकटला होता, तो सोडवताना तिने ओठ घट्ट मिटले.

या वेळी डॉक्टरांनी काही विचारलं नाही. मंजुरी लिहिली. लिहिता लिहिता म्हणाले, "दीड महिना पाय टेकवायचा नाही. घरी कोण आहे?"

शामलाने सगळा विचार केला होता. स्टोव्ह खाटेजवळ ओढता येत होता, पाण्याचा माठ हाताशी. एका रविवारी तिने दिवसभर एका पायावर वावरूनही पाहिलं होतं. जमलं होतं. त्या अख्ख्या दिवसात कोणी दार वाजवलं नव्हतं, हेही तिने पाहिलं होतं.

"मीच असते," ती म्हणाली.

तसं चालत नाही, डॉक्टर म्हणाले. माणूस सोबत नसेल तर मी दाखल करून घेणार नाही. नाव सांगा.

"रुपराव. भाऊ. भिवापूरला असतो."

बाहेर बाकावर ती बूट चढवत बसली. कांताबाई जवळ आली. दाराशी बसून तिने आतलं सगळं ऐकलं होतं. "झालं काम? भाऊ येईन ना?"

"त्याले अजून विचारलं नाही," शामला म्हणाली, आणि आपल्याच तोंडातली घरची बोली ऐकून थबकली.

रुपरावशी भांडण असं झालंच नव्हतं. असतं तर मिटवता आलं असतं. बाप गेल्यानंतर त्याने कधी विचारलं नाही, कशी आहेस म्हणून, आणि विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. वर्षं अशीच गेली.

बसस्टँडवर भिवापूरची गाडी लागली होती. आता तिथे अंगणभर मिरची वाळत पडली असेल. ती उलटीपालटी करायला अनवाणी पायांनीच फिरावं लागतं. त्या अंगणात तिचा पाय कधी दुखला नव्हता. भाऊ पायाकडे पाहील, आणि त्याला दुखणं दिसणार नाही.

ती खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामीच राहिली. गाडी सुटेपर्यंत ती पहिलं वाक्य मनात जुळवत होती, जे कोणी विचारण्याआधी सांगायचं होतं. बूट तिने पायातच ठेवले.