म्हशीला गोरं करणारा फोन

ऋतुराजचं नाव झालं ते शिव्या घातल्यामुळं. काही वर्षांपूर्वी एका स्वस्तातल्या मोबाईलला त्यानं यूट्यूबवर असं काही धुतलं, की कोल्हापुरातल्या त्याच्या पेठेतल्या पोरांपासून मलकापूरच्या दुकानदारांपर्यंत सगळे त्याला विचारल्याशिवाय फोन घेईनासे झाले. मग कंपन्या त्याला फोन पाठवू लागल्या, गोव्याच्या हॉटेलांत बोलावू लागल्या आणि ऋतुराजच्या तोंडातल्या शिव्या हळूहळू आटत गेल्या.

दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीनं आपला सगळ्यात भारी फोन बाजारात येण्याआधीच त्याच्याकडं धाडला. डोळ्याला दिसत नाही ते याच्या कॅमेऱ्याला दिसतं, असा दावा. ऋतुराजनं खोकं फोडण्याआधीच व्हिडिओचं नाव ठरवून टाकलं : ‘बाप फोन’. त्याचे व्हिडिओ काढायचं आणि कापून जोडायचं काम बायको संयोगिताकडं असायचं. ती म्हणाली, “आधी वापरून तरी बघा.”

“बघूया की. पळून चाललाय काय?”

बघायची वेळ गल्लीतल्या केरबामामांनी आणली. मामांचा म्हशींचा गोठा. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात, त्यात मामांची चांदणी म्हणजे पेठेचा मान. काळीकुळकुळीत, शिंगं मागं वळून पार मानेपर्यंत गेलेली. मामांना चौकात स्वतःचा आणि चांदणीचा डिजिटल बोर्ड लावायचा होता.

“तुझ्या त्या भारी फोनवर काढ की एक फोटू,” मामा म्हणाले.

ऋतुराजनं फोटो काढला. फोन आपला आपणच फोटो सुधारत होता, तिकडं न बघताच त्यानं तो प्रिंटवाल्याला धाडला. प्रिंटवाल्याच्या डोक्यावर दिवाळीची गर्दी. त्यानं नाव घातलं आणि छापला.

पाडव्याच्या सकाळी चौकात बोर्ड झळकला. त्यावर मामा गोरेपान, गुळगुळीत, कॉलेजात जाणारे दिसत होते. त्यांच्या शेजारी गुलाबी झाक मारणारी, आखूड सरळ शिंगांची एक गाय उभी होती. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं : पेठेची शान, चांदणी म्हैस. चौकात लोक पोट धरून हसत होते. एकानं मामांना गाठून विचारलं, “मामा, म्हस कवा इकली?”

मामा तडक ऋतुराजच्या दारात आले. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, “फोन घे आणि गोठ्यात चल.”

ऋतुराज निघाला. व्हिडिओसाठी काहीतरी मिळेल म्हणून संयोगिताही आपला कॅमेरा घेऊन मागोमाग गेली.

चांदणी मोरपिसं लावून, पायात घुंगरू बांधून उभी होती. ऋतुराजनं फोन तिच्यावर धरला. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली : मांजर. त्यानं घाईनं बटण दाबलं. बघता बघता चांदणीचा काळा रंग उडाला, शिंगं सरळ झाली आणि मागचं शेण जाऊन तिथं हिरवळ उगवली.

“ह्ये कुठलं जनावर?” मामांनी विचारलं.

“चांदणीच की, मामा. ह्यो फोन जरा सुधारून दावतो.”

“तिचं काय बिघडलंय?”

“अपडेट येईल,” ऋतुराज म्हणाला, “मग काळी दिसंल.”

“तवर म्हशीनं काय करायचं?”

मामांनी बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवला आणि चांदणीला मिरवणुकीला नेलं.

दुपारी ऋतुराज इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसला. “म्हशीचं सांगणार न्हवं?” संयोगितानं विचारलं.

“म्हशीवाली माणसं असला फोन घेत न्हाईत.”

“मामांच्या घरात तुमच्यापेक्षा भारी फोन हाईत.”

तो ऐकून न ऐकल्यासारखं करून बोलू लागला. कॅमेरा अप्रतिम, रंग जिवंत, माणसानं डोळे झाकून घ्यावा असा फोन. दहापैकी नऊ. एक मार्क कापला, खोक्यात चार्जर नाही म्हणून.

संयोगितानं सगळं जसंच्या तसं ठेवलं. फक्त ‘रंग जिवंत’च्या पुढं तिनं स्वतः टिपलेला गोठा जोडला, मांजरापासून अपडेटपर्यंत, आणि व्हिडिओ यूट्यूबवर सोडला.

ऋतुराजला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. पण व्हिडिओ काढून टाकण्याआधीच जिल्हाभर फिरला होता. ‘तवर म्हशीनं काय करायचं’ हे जो तो बोलू लागला. कंपनीनं फोन परत मागवला आणि त्याचं नाव फोन पाठवायच्या यादीतून उडवलं. इकडं लोक म्हणू लागले, आपला गडी विकला गेला नाही. ऋतुराजही एक-दोन दिवसांत सांगू लागला, “मी मुद्दामच ठेवलं की ते. आपण खोटं बोलत न्हाय.” तालमीत त्याचा सत्कार झाला. केरबामामांनी स्वतः फेटा बांधला आणि खरं बोलायला छाती लागते, असं सगळ्यांना सांगितलं. ऋतुराजनं मान खाली घातली. लोकांना तो त्याचा विनय वाटला.

त्या कंपनीचा पुढचा फोन जयसिंगपूरच्या एका पोराकडं गेला. त्यानं साडेनऊ मार्क दिले. ऋतुराजनं जेवता जेवता तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “गेला बघ विकला. माणसाला लाज पायजे.”

संयोगितानं त्याच्या ताटात आमटी वाढली.