पिल्लांवरची मरळ

गळ टाकणारा माणूस मासे कमी धरतो आणि सांगतो जास्त. मीही त्यातलाच. सोनपेठजवळच्या एका खेड्यात बत्तीस वर्षं मास्तरकी केली आणि दर रविवारी गोदावरीच्या काठावर गळ घेऊन बसलो. घरी आलो की प्रत्येक माशाची हकीकत बायकोला, सुलाबाईला, सांगायचो. कुठं लागला, कसा ओढला, किती झुंजला, सगळं. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "मासा केवढा अन् गोष्ट केवढी वो तुमची!"

एकच हकीकत तिला सोसली नाही. आमचा मुलगा धम्मानंद तेव्हा दोन महिन्यांचा होता. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लाल घोळका करून पाण्यावर फिरतात आणि खाली मरळ पहाऱ्याला असते. त्या घोळक्यात बेडकुळी लावलेला गळ सोडला की ती हटकून तोंड घालते. भुकेनं नव्हे, पिल्लांना वाचवायला. मी तशीच एक धरून आणली आणि मोठ्या शहाणपणानं सगळं रंगवून सांगितलं. सुलाबाईनं लेकराला छातीशी घट्ट धरलं. मासा शिजलाच नाही. तिनं तो परसात लिंबोणीखाली पुरला आणि म्हणाली, "पुन्ना पिल्लांवरची आनली तर या घरात चूल पेटनार न्हाई." मी शब्द दिला आणि पस्तीस वर्षं पाळला.

यंदा ऑगस्टात डॉक्टरांनी तिला परभणीहून घरी पाठवलं. आता काही करण्यासारखं नव्हतं. आमची सून सुकेशनी चमच्यानं पेज भरवायला बसायची आणि सुलाबाई मान फिरवायची. एका सकाळी मात्र आपणहून बोलली, "मरळीचा रस्सा खावा वाटायलाय."

मला कोण आनंद झाला! पण बाजारात सगळे तळ्यात पाळलेले मासे. मरळ गळालाच मिळणार. दोन दिवस ऊन-पाऊस अंगावर घेत बसलो. चिल्लर मासळी लागली, मरळ काही लागेना. मोकळ्या हातानं परतायचो तेव्हा ती दाराकडं बघत पडलेली असायची. मला त्या पाण्याचाच राग यायला लागला.

तिसऱ्या दुपारी लव्हाळ्यापाशी लाल घोळका दिसला. मी बराच वेळ मुद्दाम दुसरीकडं गळ टाकत राहिलो. मग तिथंच टाकला. लगेच हिसका बसला. मरळ काठावर ओढली तरी पिल्लं त्याच जागी गोल गोल फिरत होती. मी पाठ फिरवून गळ गुंडाळला.

घरी आल्या आल्या सुलाबाईनं विचारलं, "पिल्लं व्हती का वो?"

"न्हाई," मी म्हणालो आणि पाय धुवायला परसात गेलो.

सुकेशनीनं झणझणीत रस्सा केला, त्यात भाकरी कुस्करली. सुलाबाईनं पाच-सहा घास खाल्ले आणि माझ्याकडं बघून हसली. "लय झकास झालाय," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो होतो, पण तिच्या पोटात अन्न गेलं, यातच मला सगळं भरून पावलं. चौथ्या दिवशी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा माझ्यानं राहवेना. सुकेशनी भांडी आवरत होती. तिला म्हणालो, "बाई, मी तुझ्या सासूला फसवलं. ती मरळ पिल्लांवरची व्हती."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मामा, आत्याबाईला ठावं व्हतं."

"कसं?"

"तुमी पाय धुवायला गेलात तवाच म्हनल्या, मास्तर मासा आनून गप हाईत. असं कवा झालंय का? ही पिल्लांवरचीच हाय."

"मग खाल्ली कशाला?"

"मी बी तेच इचारलं. म्हनल्या, तीन दिस पान्याकडं बघत बसलंय मानूस. मी न्हाई खाल्ली तर माझ्या माघारी जलमभर मनाला लावून घेईल." सुकेशनीनं पदर डोळ्यांना लावला. "घास उतरत नव्हता वो त्यांना. तुमी निजल्यावर समदा उलटून पडला. तुमाला सांगू नको म्हनल्या."

मी उठून परसात गेलो आणि लिंबोणीखाली बसून रडलो. मग त्या मरळीची हकीकत सुलाबाईला पहिल्यापासून सांगितली. कुठं लागली, कशी ओढली, मागं पिल्लं कशी फिरत राहिली, काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर सवयीनं थोडा वेळ थांबलो. गोष्ट केवढी वो तुमची, असं कुणी म्हणालं नाही.