मुरारच्या खाटेतले ढेकूण

मी एक जुनी खाट आहे. मित्रांनो, मानसिंगरावांना आश्रमातून कोणीही काढलं नाही. पण हे मी सांगितलंच नाही असं समजा. त्यांना काढणार आहेत आणि आपण सगळे काळजीत आहोत.

माझा जन्म हजीरा मोहल्ल्यातल्या एका सुताराकडे झाला. चार शिसवी पाय, अंगावर पांढऱ्या सुती पट्ट्यांची नवार. मुरार छावणीतल्या म्हाताऱ्या शिपायांच्या आश्रमात मला नोकरी लागली. माझ्यावर मानसिंगराव झोपायचे. रोज सकाळी ते नवार ताणायचे आणि म्हणायचे, "सैल पडायचं नाही!" मी कधी पडले नाही. फार कौतुक व्हायचं माझं.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, आणि आमचा आश्रम नई सडकेवरच्या म्हाताऱ्या कारकुनांच्या आश्रमात मिसळला. एकोपा वाढावा म्हणून एक शिपाई, एक कारकून अशा खाटा लावल्या. शिवाय दर सोमवारी गाद्यांची अदलाबदल. माणसं एकमेकांशी बोलेनात. ढेकूण मात्र पहिल्याच आठवड्यात एकजीव झाले.

"हे मुरारचे खटमल," शेजारच्या खाटेवरचे भालचंद्रपंत म्हणाले. "आमचे नई सडकेचे असते, तर आधी विचारून चावले असते."

तेवढ्यात कचेरीतून विलीनीकरण अधिकारीसाहेबांचा आदेश आला : ज्याच्या खाटेत ढेकूण सापडेल, त्याला नातेवाइकांकडे पाठवावे. मानसिंगरावांना एकच पुतण्या होता आणि तो पत्ता न सांगता घर बदलून गेला होता. म्हणून ते भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावून कोट घालू लागले. माझा एकेक सांधा ढेकणांनी भरला होता. मी करकरून ओरडले. त्यांनी मला तेल घातलं.

तपासणीला देखरेखीच्या सुमनताई आल्या.

"काका, या उन्हात कोट?"

"थंडी वाजते."

"आणि मानेवर हे काय?"

"घामोळं."

"थंडीत?" ताई वाकून बघू लागल्या. "अन् तेही रांगेत, तीन-तीन! तुमच्या घामोळ्याला कवायत कोणी शिकवली?"

मानसिंगराव माझी नवार चाचपू लागले. मग हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगितलं तर मी जाऊ कुठे?"

सुमनताई माझ्यावर बसल्या. चांगला अर्धा तास बसल्या. मग खाजवत उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मलाही चावले. आता मलाही घरी पाठवा. मग तुमची औषधं तो आदेशच देईल."

भालचंद्रपंत ताडकन उठले. "माझ्याही खाटेत आहेत! मुरारपेक्षा जास्त! यादीत माझं नाव वर घ्या."

जेवणाच्या घंटेपर्यंत बावीसच्या बावीस खाटांचे अर्ज आले. सगळ्यांना घरी पाठवलं तर आश्रम उरत नव्हता, आणि आश्रम उरला नाही तर साहेब कशाचे, हे साहेबांच्या लक्षात आलं. आदेश खणात गेला.

मग आमची खरी सेवा झाली. नवारी उलगडून उकळल्या, सांध्यांत किटलीनं उकळतं पाणी ओतलं, चार दिवस गच्चीवर कडक ऊन दिलं, पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवल्या. अंडी मागे राहतात म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माझी नवार विणायला मानसिंगराव आणि पंत समोरासमोर बसले.

"ओढा पंत, फाइल नाही ती!"

"ओढतोय ना यार! तुम्ही तोफ समजू नका."

मित्रांनो, ढेकूण कोणाच्याही घरी होतात. लपवू नका, लगेच सांगा. आणि ज्याला चावले त्याला हाकलू नका. त्याच्या खाटेला ऊन द्या.

आता एक अर्ज. मा. विलीनीकरण अधिकारी यांस सविनय विनंती की, सदर आदेश अद्याप रद्द झालेला नसून खणात जिवंत आहे. तरी तो बाहेर काढून चार दिवस कडक उन्हात ठेवावा, त्याच्या कलमांच्या सांध्यांत उकळते पाणी घालावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच करावे. अशा आदेशांची अंडी मागे राहतात. कळावे.