बाहेरून बसवलेली कडी

ठक. थोडं थांबून पुन्हा ठक.

मी नुसती फळी होतो, तेव्हाचा हा आवाज. सुतारानं बोट वाकवून मला वाजवलं आणि कान लावला. त्याची बायको म्हणाली, "अहो, चार दिवस झाले नुसतं वाजवताय. कामाला कधी घेणार?"

"अजून ओल आहे त्यात," तो म्हणाला. "आत्ता घाई केली तर जन्मभर वाकडा राहील."

आणि तो थांबला. माणसांना थांबता येतं, हे मी तेव्हा पाहिलं. पुढे फारसं पाहायला मिळालं नाही.

मी शाळेतल्या खेळाच्या खोलीचा दरवाजा बोलतोय. आत चेंडू, दोऱ्या आणि फाटक्या चटयांचा ढीग. चाळीस वर्षं इथेच उभा आहे. दमट हवेत मी फुगायचो, म्हणून कुणीतरी खालून रंधा मारला, तोही हात सैल सोडून. तेव्हापासून माझ्याखाली चार बोटं फट आहे. मांजर येतं-जातं. मला त्या फटीची फार लाज वाटायची.

या खोलीत मुलं रडायला येतात. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मोठ्यांना नाही. कडी लावायची, चटईवर बसायचं, डोळे पुसायचे, जायचं. दहा-पंधरा मिनिटांचा मामला. मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

पण मोठी माणसं! बंद दार दिसलं की त्यांच्या अंगात येतं. थापा, लाथा, "मी तीन म्हणायच्या आत बाहेर ये!" तीन म्हणून झाल्यावर काय करायचं हे त्यांनाही माहीत नसतं. मग पुन्हा एकपासून सुरुवात.

मागच्या वर्षी एक मुलगा तासभर आत बसून राहिला. त्यावर बैठक झाली, चहा झाला, आणि आतली कडी काढायचं ठरलं. बरं, काढा. पण निघालेली कडी वाया कशाला घालवायची, म्हणून तीच मला बाहेरून बसवली. मुलांनी आत बसू नये, म्हणून त्यांना आत कोंडायची सोय! आता यावर मी काय बोलावं?

परवा सकाळची गोष्ट. वॉचमन वर्गावर्गात दप्तरं तपासत होता. मोबाइल शोधत होता, नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात निघाला तिच्या आईचा जुना स्वेटर. आई तीन आठवडे दवाखान्यात. वॉचमननं तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "हे काय गं, पायपुसणं?" वर्ग हसला. ओढाताणीत बाही उसवली. मुलीनं पाण्याची बाटली भिरकावली, खिडकीची काच गेली, आणि ती धावत माझ्याआड आली. बाहेर जमलेल्यांच्या बोलण्यातून मला हे कळलं.

"सर, आतून बाक लावलाय," वॉचमन मोठ्या सरांना म्हणाला. "खांदा मारतो, एका दणक्यात उघडेल."

बाक कसला! तिची पाठ होती ती. पाय चटयांच्या ढिगाला रोवून ती मला टेकून बसली होती. तिच्या छातीतली धडधड माझ्या लाकडात येत होती. वॉचमन चार पावलं मागे सरकला. दणका बसला असता तर तिच्या मणक्यात बसला असता. मी ओरडणार कसा? दरवाजाला करकरण्यापलीकडे येतं काय?

तेवढ्यात शिवणाच्या बाई आल्या. कण्हत कण्हत खाली वाकल्या आणि त्यांनी फटीतून पाहिलं.

"अहो, थांबा! दारालाच टेकलीय पोर! पाठ मोडायचीय का तिची?"

वॉचमन जागच्या जागी थिजला. मोठे सर म्हणाले, "बाई, तिनं काच फोडलीय. पोलिसांना कळवावं लागेल."

"काच उद्या बसेल, सर. तुम्ही सगळे आधी जिन्यापर्यंत मागे व्हा. आणि तो स्वेटर द्या इकडे."

"तो पुरावा आहे." खरंच, पिशवीत घालून वर तारीख टाकली होती.

"कशाचा पुरावा? पोरीला आई आहे, याचा?"

सरांनी पिशवी पुढे केली.

बाई जमिनीवर बसल्या, मला पाठ लावून. आता माझ्या दोन्ही अंगांना एकेक पाठ.

"मी शिवणाची बाई गं. तुला उठवायला नाही आले. माझे गुडघे धरलेत, आता मलाच उठता यायचं नाही."

बाईंना घाई नव्हती. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाही उसवलीय. शिवू का?"

"सुई लावू नका!"

"बरं."

"धुऊ पण नका. तिचा वास जाईल."

"नाही लावत हात. हा घे."

इतकी वर्षं ज्या फटीची लाज बाळगली, तिच्यातून स्वेटर आत सरकला. जिन्यावरून वॉचमननं दोनदा विचारलं, "झालं का?" बाईंनी नुसता हात हलवला. आतली धडधड हळूहळू संथ झाली.

मग ती पाठ माझ्यापासून सुटली. मी उघडलो. वॉचमन पुढे आला, तशा बाई बसल्या बसल्याच गरजल्या, "वाट सोडा तिची!"

मुलगी म्हणाली, "बाई, काच..."

"ते नंतर बघू. आधी आईकडे जाऊन यायचं?"

तिनं मान हलवली, आणि हात देऊन बाईंना उठवलं. गुडघे खरंच धरले होते.

बाबांनो, एका बोटानं वाजवा. कान लावा. ओल असेल तर थांबा. एवढंच तर मागतोय चाळीस वर्षं! पण दरवाजाचं कोण ऐकतो?

काल शाळा सुटल्यावर मोठे सर एकटेच आले, हातात स्क्रू-ड्रायव्हर. आत शिरले, मला लोटून घेतलं आणि खाली बसले, अगदी तिच्या जागी, मला पाठ टेकून. का, कोण जाणे.

इतक्यात धाडकन थाप बसली. "कोण आहे रे आत? मी तीन म्हणायच्या आत बाहेर ये!"

ती थाप माझ्यातून थेट सरांच्या पाठीत गेली. सर केवढ्यानं दचकले! उठून मला उघडायला त्यांना जरा वेळच लागला.

"अरे सर, तुम्ही होय!" वॉचमन ओशाळला. "मला वाटलं, पोरं आहेत."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या कडीचे चारही स्क्रू एकेक करून काढले, कडी त्याच्या हातात ठेवली, आणि निघून गेले.